तिसरा चिंचोका

परळ
७ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

सलाम. तुझ्याच खुर्चीवर बसून लिहिते आहे. तिचा एक पाय अजून डुगडुगतो. त्याखाली तू घडी करून ठेवलेली जुनी नाताळची पत्रिका मी काढली आणि नवा कोरा पुठ्ठा ठेवला, तर खुर्ची आणखीच हलायला लागली. पत्रिका परत ठेवली.

तू निवृत्त होऊन चंपाआत्याकडे नगरला गेलीस आणि मी तुझ्या जागी चर्चच्या ऑफिसात लागले, त्याला पाच आठवडे झाले. पंचांनी मला ३१ डिसेंबरपर्यंत तात्पुरतं घेतलं आहे, पुढचं नंतर ठरवणार. सेक्रेटरी बाबुराव शिरसाट रोज संध्याकाळी डोकावतात, टेबलाकडे बघतात आणि म्हणतात, "कमलताईंच्या काळात एक कागद इकडचा तिकडे झाला नाही." मग जातात. त्या एका वाक्याने माझं रात्रीचं जेवण जात नाही.

फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही, आणि चंपाआत्या फोन स्पीकरवर टाकून नगरच्या अख्ख्या कॉलनीला ऐकवते. शिवाय तुला पत्र लिहायची मला सवयच आहे. दम्यामुळे शाळेत जाता येत नव्हतं तेव्हा पहिली-दुसरी मी याच टेबलाशी शिकले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली नावं वाचून अक्षरं जुळवली. रोज पाच ओळींचं पत्र तुलाच लिहायचं आणि तुलाच द्यायचं. तू समोर बसून उत्तर लिहायचीस.

आता खरं सांगते. मला जमत नाहीये. काल यादीत पाच कामं होती. एकजण बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आला, त्याला आजीचं नाव माहीत नव्हतं. महिला मंडळाला हॉलची किल्ली हवी होती, ती गायनमंडळाने नेली होती. पाळकसाहेब अकराला हॉस्पिटलात एकांना भेटणार होते, ते साडेअकरापर्यंत इथेच मला ती भेट किती महत्त्वाची आहे हे समजावत होते. गिरगावच्या छापखान्याचे तीन फोन आले, रविवारची पत्रिका कुठे आहे म्हणून. पाचांतलं एक काम झालं, तेही मी चुकून दोनदा केलं.

आणि जाईबाई! दर मंगळवारी अकराला चिंचपोकळीहून काठी टेकत येतात आणि बसतात. काम काहीच नसतं. कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी, कोणाची सून बोलत नाही. तू एकोणतीस वर्षं हे कसं सांभाळलंस? एखादी पद्धत असेलच. कृपा करून लिही.

तुझी
अपू


नगर
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय अपू,

पत्र मिळालं. अक्षर अजून घाबरल्यासारखंच काढतेस, पण वाचता येतं.

पद्धत म्हणतेस तर टेबलाला तीन खण आहेत. ज्या कामासाठी माणूस दारात येणार, ते वरच्या खणात. ज्यासाठी फोन येणार, ते मधल्या खणात. ज्यासाठी कोणीतरी नुसता ओरडणार, ते खालच्या. खालचा खण ईस्टरच्या आदल्या आठवड्यात उघडावा. बरीचशी कामं आपली आपण झालेली सापडतात.

पाळकसाहेबांना वेळ सांगताना अर्धा तास आधीची सांग. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून ते मनात अर्धा तास मिळवतात, म्हणून तू एक तास आधीची सांग. किल्ली कोणालाही देताना त्याची चप्पल, छत्री किंवा डबा ठेवून घे. आनंदा शिपाई हे तीस वर्षं करतो आहे. त्याला विचारलंस का? नसशील विचारलंस. त्याच्याकडे कधीचं एक भोपळ्याएवढं कुलूप पडलं आहे, तेही विचार.

जाईबाईंना चहा द्यायचा. आल्याचा, दोन चमचे साखर. दर मंगळवारी. का ते विचारू नकोस.

बाबुरावांशी वाद घालू नकोस. नियमाचा माणूस आहे, पण मनाने सरळ आहे. आणि ते माझ्याबद्दल जे बोलतात ते सगळं मनावर घ्यायचं कारण नाही.

जेवत जा.

कमल आत्या


परळ
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

खूप आनंदात लिहिते आहे, म्हणजे माझ्या मानाने. तुझे तीन खण छान होते, पण मी आणखी पुढे गेले आहे. इंटरनेटवर वेळेच्या नियोजनाचे व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणं काढली आणि दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले. भिंतीवर तक्ता लावला आहे. उपासनेचं काम निळं, हॉलचं हिरवं, दाखले पिवळे, पंचांचं लाल. पाळकसाहेबांचं कॅलेंडर त्यांच्या फोनवर टाकलं. आता ते उशिरा निघतात ते फोन त्यांना वेळेवर सांगतो, एवढा फरक पडला.

सगळ्यात उपयोगी नियम म्हणजे एका कागदाला एकदाच हात लावायचा. हातात आला की त्याचं जे काही करायचं ते तेव्हाच पूर्ण. परत तो कागद उघडायचा नाही.

रविवारच्या सूचना तुझ्या काळात किती वेळ चालायच्या? मी मोजल्या, अकरा मिनिटं. आता तीन. वाचायच्या त्या एका कागदावर, बाकीच्या छापील पत्रिकेत. पाळकसाहेब खूश, कारण प्रवचनाला आठ मिनिटं जास्त मिळाली. मंडळी तेवढी खूश दिसली नाही. बाबुरावांनी मात्र घड्याळ बघून मान डोलावली. आत्या, त्यांनी मान डोलावली!

कुलुपाचं विचारलं. आनंदामामा म्हणाले, "ते तुझ्या आत्याने मलाच घातलं होतं, मी सुट्टी मागितली तेव्हा." खरं का?

दारावर पाटी लावली आहे, "भेटीची वेळ ११ ते १२. मंगळवारी फक्त नोंदींचे काम." तुला आवडणार नाही ते आधीच सांगून टाकते. जाईबाई मंगळवारी चाळीस मिनिटं घेतात, चहा धरून पंचावन्न. म्हणजे पंधरा मिनिटांचे जवळजवळ चार तुकडे. गेल्या मंगळवारी मी नम्रपणे त्यांना पाटी दाखवली. त्या म्हणाल्या, "पोरी, मला वाचता येत नाही, तू काय लिवलंस ते तूच वाच." मी वाचून दाखवली. त्या पाटीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अक्षर मोठं काढलंयस." मग गेल्या. त्या दिवशी माझी नोंदींची सगळी कामं झाली, पण एक ओळ तीन वेळा चुकले.

तुझी
अपू


नगर
१३ ऑक्टोबर २०२५

अपू,

पाटी काढ.

कुलूप मी आनंदाला घातलं नव्हतं. त्याच्या सायकलीला घातलं होतं.

तक्ता राहू दे. रंग छान आहेत. पण त्यात जाईबाईंचा रंग नाही. मंगळवारी अकरा ते बारा त्यांचं तुझ्याकडे काम नसतं, तुझं त्यांच्याकडे असतं असं समज. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

आत्या


परळ
१ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. खासगी पत्रांसाठी शनिवारी साडेतीन ते चार असा तुकडा ठेवला होता, पण नाताळ जवळ आल्यापासून तो तुकडा दर शनिवारी कोणीतरी खातं.

पाटी काढली नाही. रागावू नकोस. ३१ तारखेपर्यंत राहू दे. एकदा कायम झाले की जाईबाईंना रोज चहा देईन, शपथ. आईच्या गोळ्या, माझं ट्रेनिंग अर्धवट सोडलेलं, हे सगळं तुला ठाऊक आहे. मला ही नोकरी हवी आहे. नुसती गरज म्हणून नाही. या टेबलाशी मी वाचायला शिकले, त्याच टेबलाशी बसून चुकले तर कुठे जाऊ?

एक चांगली बातमी. दीपिका ओहोळचं लग्न ठरलं, तीच, संडे स्कूलमध्ये माझ्या बाकावर बसायची. आता परळच्या हॉस्पिटलात नर्स आहे. मुलगा वैभव, राहुरीचा, मालवाहू जहाजावर असतो. २ जानेवारीला त्याला जहाज गाठायचं आहे आणि मग सात महिने समुद्रावर. म्हणून लग्न २७ डिसेंबरला, शनिवारी. लग्नाची चिठ्ठी उपासनेत ७, १४ आणि २१ तारखेच्या रविवारी वाचायची. आठवतं, लहानपणी पाळकसाहेब "यांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास कळवावे" म्हणाले की मी मागे वळून सगळ्यांची तोंडं बघायची? तू मान धरून पुढे वळवायचीस. तीन रविवार वाचल्याशिवाय आपल्याकडे लग्न लागत नाही, आणि तरी आजवर कोणी उठलं नाही, याचं मला नेहमी वाईट वाटायचं.

एक युक्ती सांगते. शुक्रवारी पत्रिका छापायला जाते तेव्हाच चिठ्ठीची वहीतली नोंदही लिहून टाकते, "अमुक तारखेस वाचली" म्हणून. पाळकसाहेब त्याच वेळी सही करतात. एका कागदाला एकदाच हात. सोमवारची वीस मिनिटं वाचतात.

घाईत,
अपू


नगर
८ डिसेंबर २०२५

अपू,

जे अजून झालेलं नाही, ते झालं असं वहीत लिहू नकोस. वीस मिनिटं वाया गेली तर जाऊ देत. हे पत्र मिळाल्याबरोबर वही काढ आणि पुढच्या तारखा खोडून टाक.

हे मी का लिहिते ते मला माहीत आहे.

आत्या


परळ
२३ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं आठ तारखेचं पत्र मी आत्ता फोडलं. ते शनिवारच्या ट्रेमध्ये होतं. दोन शनिवार मी ट्रेला हात लावला नाही.

मंगळवार आहे. दुपारचा दीड वाजला आहे. पाळकसाहेब चार वाजता येतील. त्याआधी मला हे कुठेतरी लिहायलाच हवं.

सकाळी अकराला जाईबाई आल्या. दार लोटलेलं होतं, पण आनंदामामांनीच त्यांना आत आणून बसवलं आणि माझ्याकडे न बघता चहा सांगायला गेले. जाईबाईंनी कमरेची तपकिरीची डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. दोन चिंचोके.

"दीपीची तिसरी कधी वाचणार हायेस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वाचली की, परवा. एकवीसला."

"न्हाय वाचली. पयली वाचली, एक टाकला. दुसरी वाचली, दुसरा टाकला. परवा हात डबीवरच ठेवून बसले व्हते. येशूची गाणी झाली, परवचन झालं, तिसरी न्हाय."

मी वही काढून दाखवली. त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं, तरी दाखवली. माझ्याच हातचं, "तिसरी वेळ, २१ डिसेंबर, वाचली." खाली सही. मग परवाचा वाचायच्या सूचनांचा कागद शोधला. आत्या, त्यावर चिठ्ठी नाहीच. कॅरल गाण्यांचा रविवार होता, वेळ कमी, म्हणून मी निम्म्या सूचना वाचायच्या कागदावरून छापील पत्रिकेत सरकवल्या. त्यांच्याबरोबर दीपिकाची चिठ्ठीही सरकली. छापली आहे. वाचलेली नाही. आणि नोंद मी शुक्रवारीच लिहून ठेवली होती.

जाईबाई चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुझी वही म्हणते वाचली, तर वाचली असंल. मी म्हातारी." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्या कोणाला सांगणार नाहीत, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे माहीत आहे ते आम्हा दोघींनाच. मी गप्प बसले तर शनिवारी लग्न लागेल, वैभव जहाजावर जाईल, ३१ तारखेला मी कायम होईन. सांगितलं तर यातलं काय काय होईल ते मला मोजता येत नाही.

डबीत आणखी एक चिंचोका होता, कागदात गुंडाळलेला, पार काळा पडलेला. मी विचारलं हा कोणाचा. त्या म्हणाल्या, "तो तुझा न्हाय. तो जुना हाय. कमीला इचार." त्या तुला कमी म्हणतात हे मला आजच कळलं.

तुझं उत्तर शनिवारच्या आत येणार नाही हे मला कळतं. तरी विचारते. तू काय केलं असतंस?

अपू


परळ
२९ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं उत्तर आलेलं नाही, तेव्हा जे केलं ते सांगते.

तुला लिहिलेलं पत्र स्पीड पोस्टने टाकून परत आले तर पाळकसाहेब अर्धा तास आधीच येऊन बसलेले. वर्षातून एकदाच ते लवकर येतात आणि तो हाच दिवस! मला तयारीच करता आली नाही. सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "निम्मी चूक माझी आहे. बाबुरावांना बोलवा."

बाबुराव ऐकून लाल झाले. पाळकसाहेबांनी सुचवलं की नाताळला, गुरुवारी, चर्च भरलेलं असेल, तेव्हा वाचू. "रविवार म्हणजे रविवार," बाबुराव म्हणाले. "मंडळीच्या नियमात तीन रविवार लिहिलं आहे. नाताळ गुरुवारी आला यात नियमाचा काय दोष? आमच्या लग्नात राधाचे वडील केवढी घाई करत होते, तरी मी तीन रविवार धरून बसलो. सत्त्याण्णव सालची वही काढा." मला ती काढून दाखवायला लावली. "बघा. कमलताईंच्या हातची नोंद. तिसरी वेळ, वाचली. याला म्हणतात काम."

मी बघितलं. सुंदर अक्षर आहे तुझं.

शेवटी असं ठरलं की तिसरी २८ तारखेला रविवारी सकाळच्या उपासनेत वाचायची आणि लग्न त्याच दिवशी चारला लावायचं. दीपिकाला सांगायचं काम माझं. हॉस्पिटलच्या गेटवर उभी राहिले. ती आली, ऐकलं, म्हणाली, "अपूर्वा, बारा तासांची ड्युटी करून आलेय. आधी बसू दे, मग रागावते." आम्ही कट्ट्यावर बसलो. ती रागावली, अगदी नीट रागावली, मला खडे बोल ऐकवले. मग म्हणाली, "वैभवला कोण सांगणार?" वैभव फोनवर म्हणाला, "जहाज दोन तारखेलाच सुटणार ना? मग एक दिवस काय." त्या माणसाशी तुझं लग्न व्हायला माझी काही हरकत नाही असं मी तिला म्हटलं, तेव्हा ती हसली.

पण पाहुणे दोनशे चाळीस! पत्रिका वाटून झालेल्या. मी भिंतीवरचा तक्ता उतरवून टेबलावर पसरला आणि फोन घेऊन बसले. चौथ्या फोनलाच अडकले. यादीतले निम्मे नंबर बंद, उरलेल्यांत तीन "सुमनताई". आनंदामामा सरळ निघाले आणि चिंचपोकळीहून जाईबाईंना टॅक्सीत घालून घेऊन आले. आत्या, त्या दोन दिवस माझ्याशेजारी बसल्या. कोण कोणाची, कोण घर सोडून मुलाकडे गेली, कोणाला फोन न करता नातवाला करायचा, कोणाला आधी सांगितलं नाही तर फुगणार, सगळं तोंडपाठ. "ही रे रोड टेशनाजवळची सुमन, हिला जोरात बोल. ती काळाचौकीची, तिला हळू. त्या दोघींना एका बाकावर बसवू नगस." मी लिहीत गेले आणि पहिल्यांदाच तक्त्यात पाचवा रंग आला. जांभळा. नाताळच्या दिवशी उपासनेनंतर शेवटचा निरोप गेला.

राहुरीची बेचाळीस माणसं शनिवारी हॉलमध्ये झोपली. लालबागच्या जेवणवाल्या बाई म्हणाल्या, कांदा चिरून झालाय, पण तुमच्यासाठी परत चिरते. दादरहून फुलं दुसऱ्यांदा आणली. एकच गोष्ट मला हलवता आली नाही. रविवारी चारला हॉलमध्ये संडे स्कूलचं नाताळचं नाटक होतं. पालकांनी सुट्ट्या काढलेल्या. मग नाटक तीनला घेतलं. ते अर्थातच लांबलं, आणि दीपिका आली तेव्हा सोनेरी कागदाचे पंख लावलेले अकरा देवदूत, तीन मेंढपाळ आणि एक उंट तिच्या मागोमाग चर्चमध्ये शिरले. त्यांना कोणी थांबवलं नाही. उंटाचा मागचा अर्धा भाग पहिल्या बाकावर झोपला.

सकाळी तिसरी वाचली तेव्हा जाईबाईंच्या डबीत टक्क आवाज झाला, तो मला गायनमंडळाच्या मागे ऐकू आला.

माझ्या नोकरीचं काही ठरलं नाही. बाबुराव म्हणाले, पंच जानेवारीत बसतील, वहीत खोटी नोंद ही साधी गोष्ट नाही. बरोबर आहे त्यांचं.

तू गप्प का आहेस? रागावलीस?

तुझी
अपू


नगर
२ जानेवारी २०२६

प्रिय अपू,

रागावले नाही. तुझं तेवीस तारखेचं पत्र मला सव्वीसलाच मिळालं. त्याच दिवशी उत्तर लिहिता आलं असतं. आठ दिवस कागद पुढे घेऊन बसते आहे. चंपाला वाटतंय मला ताप आहे.

तू विचारलंस, मी काय केलं असतं. काय केलं ते सांगते.

जानेवारी सत्त्याण्णव. बाबुराव आणि राधाचं लग्न अकरा तारखेला. तिसरी चिठ्ठी पाच जानेवारीच्या रविवारी वाचायची होती. त्या दिवशी जुने पाळकसाहेब तापाने फणफणलेले, उपासना कशीबशी आटोपली, चिठ्ठी राहिली. मी नोंद सोमवारी लिहायची, तशी लिहायला घेतली आणि "वाचली" असं लिहून मोकळी झाले. मंगळवारी जाईबाई आली. दोन चिंचोके. तुझ्यासारखंच. मी नवी होते, तुझ्याच वयाची, आणि नोकरी मलाही हवी होती. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, जाईबाई, तिसरा टाक ना, माझ्यासाठी. तिने चहा घेतला, चिंचोका डबीत टाकला आणि गेली. एक शब्द कधी बोलली नाही.

त्यानंतर मी दर मंगळवारी तिला चहा देत राहिले. आधी भीतीने, मग सवयीने, मग ती दोस्तच झाली. माझ्या कामाची तुम्ही सगळे तारीफ करता ना, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही म्हणता, तर माझी पद्धत म्हणजे मंगळवारची ती अकराची वेळ होती. मी काही विसरले की ती सांगायची. हे तुला ऑगस्टमध्येच लिहायला हवं होतं. लाज वाटली म्हणून चहापुरतं लिहिलं. नीट सांगितलं असतं तर तू पाटी लावली नसतीस.

आणि मी इतकी वर्षं समजत होते की तिने तो चिंचोका मोजला. तुझ्या पत्रातून कळलं, तिने तो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला होता.

तू तेवीस तारखेला चार तासांत केलंस ते मला एकोणतीस वर्षांत जमलं नाही. म्हणून सोबत दुसरं पाकीट ठेवलं आहे. बाबुरावांसाठी. त्यांच्या हातात दे. ते म्हणतील ते मला मान्य आहे.

कमल आत्या


परळ
१२ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

तुझं पाकीट मी एक दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग बाबुरावांच्या घरी गेले. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि बसले. आतून राधाकाकू ओरडल्या, "काय झालं हो?"

"आपली तिसरी राहिली," ते म्हणाले.

"कसली तिसरी?"

"चिठ्ठी. लग्नाची."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मग राधाकाकू इतक्या हसल्या की पदर तोंडात धरून बाहेर आल्या. "म्हणजे एकोणतीस वर्षं मी या माणसाचा डबा उगाच भरतेय?" बाबुराव हसले नाहीत. बराच वेळ पत्राची घडी घालत, उलगडत बसले. मला वाटलं आता तुझ्यावर, माझ्यावर, सगळ्यांवर येणार. ते म्हणाले, "लग्नाचा वाढदिवस अकराला आहे. यंदा अकरा तारखेला वार कोणता?"

मी म्हटलं, "रविवार."

"मग रविवार म्हणजे रविवार," ते म्हणाले.

काल वाचली, आत्या. पाळकसाहेबांनी स्पष्ट आवाजात वाचली, "बाबुराव शिरसाट आणि राधा शिंदे यांच्या विवाहाची ही तिसरी व शेवटची वेळ. कोणाची हरकत असल्यास कळवावे." मी सवयीने मागे वळले आणि या वेळी कोणीतरी खरंच उठलेलं होतं. राधाकाकू! "हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पण विचार करायला एक आठवडा मिळेल का?" मंडळी इतकी हसली की पाळकसाहेबांना प्रवचन सुरू करता येईना. सूचना साडेसात मिनिटं चालल्या. मी घड्याळ लावलं नव्हतं, बाबुरावांनीच मला मागाहून सांगितलं.

आज सकाळी ते ऑफिसात आले. सत्त्याण्णव सालची वही काढायला लावली. तुझी ओळ खोडू दिली नाही. तिच्या शेजारी मला लिहायला लावलं, "तिसरी वेळ, ११ जानेवारी २०२६, वाचली." मी तारीख दोनदा तपासली आणि मग लिहिलं. मग त्यांनी काल उपासनेनंतर पंचांनी मंजूर केलेला माझ्या नेमणुकीचा कागद खिशातून काढला, सही केली, टेबलाकडे बघितलं आणि सवयीने सुरुवात केली, "कमलताईंच्या काळात..." आणि थांबले. "चहा मिळेल का?" म्हणाले.

पाटी मी काढली. ती खालच्या खणात आहे.

जाईबाईंनी काल उपासनेनंतर डबी उघडली, कागद सोडवला आणि तो काळा चिंचोका दीपिकाच्या तिघांजवळ ठेवला. चारही बोटाने मोजले. मग तो उचलून माझ्या हातात दिला, तुला पाठवायला. पाकीट जड लागलं तर त्यामुळे. निरोप एवढाच आहे, "कमीला सांग, मोजून झालं."

तुझी
अपू